शरयूमावशीचं लिंडेनवीक

मी झोपलेली नाही. नुसती पडले आहे, तेही बूट घालून, आणि फ्राउ लोरेन्झनबाईंच्या पांढऱ्या चादरीला डाग पडू नये म्हणून पाय पलंगाबाहेर काढून. खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो. आत्ताच दोनचे टोले पडले. जूनमधली दुपार आहे, पण ऊन आपल्याकडच्या कार्तिकातल्यासारखं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. दहा मिनिटं पाठ टेकायची आणि उठायचं, असं मी ठरवलं आहे. मुठीत कागदाचं एक लहान पाकीट आहे आणि त्यात एक स्लाइड, पूर्वी प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर चित्र पाडायचे तसली, पुठ्ठ्याच्या चौकटीतली. आज सकाळी तिनं माझी चांगलीच फजिती केली.

डोळे जड व्हायला लागलेत, तेव्हा ते आधी सांगून टाकते.

शरयूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्यात तिनं एकतीस वर्षं जर्मन शिकवलं आणि जर्मनीत एकदाही पाऊल ठेवलं नाही. तिचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली मशीन चालू झालं की बाकं थरथरायची आणि मावशी आवाज चढवायची. पूर्व जर्मनी नावाचा देश होता तेव्हा तिथून तिला चोवीस स्लाइड्सचा एक डबा भेट आला होता. सगळी चित्रं एकाच गावाची, लिंडेनवीकची: बाल्टिक समुद्रापासून चालत तासाभरावर, नदीकाठी वसलेलं लाल विटांचं छोटं जुनं शहर. त्या डब्यावर तिनं सगळा वर्ग चालवला. चार नंबरची स्लाइड म्हणजे बाजारचौक. ती भिंतीवर पाडायची, शेजारच्या फळ्यावर खडूनं नकाशा काढायचा आणि विद्यार्थ्यांना त्यात हिंडवायचं. चर्चकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे औषधाचं दुकान. उजवीकडची गल्ली नदीवर जाते, नदीच्या कडेकडेनं गेलं की बंदर. किती वाजलेत? मनोऱ्यावरच्या घड्याळात आकडे नव्हते, नुसत्या सोनेरी रेघा. काटे बघून सगळे एका सुरात सांगायचे, सकाळचे दहा वाजायला दहा मिनिटं आहेत.

मीही त्यातलीच. आईवडील बदलीच्या गावांना असायचे, म्हणून शाळेसाठी मी मावशीकडे राहिले, तिच्याच वर्गात शिकले आणि पुढं तीच भाषा शिकवायला लागले. तोच नकाशा मीही फळ्यावर काढत आले. चार वर्षांपूर्वी मावशी गेली. कपाटातला डबा माझ्याकडे आला, आणि या जूनमध्ये त्यातली चार नंबरची स्लाइड घेऊन मी लिंडेनवीकला आले.

आज सकाळी चौकात चर्चकडे तोंड करून उभी राहिले आणि ऐटीत उजवीकडे वळले. फोनमधला नकाशा मुद्दामच उघडला नाही. जे गाव चाळीस वर्षं पाठ आहे तिथं नकाशा कशाला बघायचा? पाऊण तास चालल्यावर बंदराऐवजी रेल्वेचे गंजलेले रूळ लागले आणि टायरचं एक गोदाम. दमून परत आले तर फ्राउ लोरेन्झनबाई, म्हणजे मी ज्यांच्याकडे उतरले आहे त्या बाई, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

“तुमचं गाव बदललं का हो?” मी स्लाइड त्यांच्यापुढं धरून विचारलं. “नदी उजवीकडे होती ना?”

इकडची उत्तरेची माणसं बोलण्यात हात राखूनच असतात. बाईंनी हात पुसले, स्लाइड खिडकीशी धरून एका डोळ्यानं पाहिली, आणि ती पालथी करून माझ्या हातात दिली.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “नदी सातशे वर्षं तिथंच आहे.”

तर असं. मावशी पहिल्या दिवसापासून स्लाइड उलट्या बाजूनं घालत होती. भिंतीवर आरशातलं गाव पडत होतं आणि आम्ही एकतीस वर्षं त्यातच औषधाचं दुकान शोधत होतो. मी नेटवर इथले फोटो पाहिले होते, नाही असं नाही. पण गाव ओळखीचं वाटलं, आणि ओळखीच्या माणसाचं डावं-उजवं कोण तपासतं? सकाळचे दहा वाजायला दहाही नव्हतेच. स्लाइड नीट धरली तर घड्याळात दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालेली दिसतात.

खूप हसले. बाईही थोड्या हसल्या. पण खोलीत आल्यावर हसू ओसरलं आणि जुनं दुखणं वर आलं.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी मावशीला या लिंडेनवीकहूनच शिक्षकांच्या उन्हाळी वर्गाचं बोलावणं आलं होतं. चार आठवडे, सगळी सोय त्यांची. ती गेली नाही. मे महिन्यात मला कावीळ झाली होती आणि मावशी माझ्या उशापाशी होती. त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं. बंडूमामा, मावशीचा थोरला भाऊ, प्रत्येक लग्नाकार्यात पंगतीत बसला की म्हणायचा, “वृंदीच्या काविळीपायी आमच्या शरूचं जर्मनी राहिलं.” लोक हसायचे. मावशी वाढत असायची, ती काही बोलायची नाही. एकोणचाळीस वर्षं मी ते ओझं वागवते आहे. खरंच माझ्यामुळं राहिलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी काय करणार होते? इथं आले तीही खरं तर तिच्या वतीनं, थोडीशी फेड म्हणून.

आणि आता हे उलटं गाव. तिला माहीत होतं का? माहीत असतं तर तिनं कुठंतरी लिहून ठेवलं असतं. प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीनं तारीख घालून शेरा लिहायची तिची सवय. लोणच्याच्या बरणीवर, बल्बच्या होल्डरशेजारी भिंतीवर, आरशाच्या पाठीवर सुद्धा: ‘तडा, वृंदा’ आणि तारीख. करायचं काम लिहायची आणि झालं की त्यापुढं बरोबरची खूण करायची, वहीत करतात तशी. या स्लाइडवर मात्र ‘४. बाजारचौक’ एवढं लेबल आहे, पिवळं पडलेलं. बाकीच्या तेवीस स्लाइड्सवर तिनं नंबर शाईनं थेट पुठ्ठ्यावर घातलेत. मग याच एकीवर लेबल कशाला, हा प्रश्न मी मनात उलटसुलट करते आहे, आणि करता करता

“बूट काढून झोपावं माणसानं.”

मावशी पलंगाच्या पायथ्याशी बसली आहे. बारीक चौकड्यांची सुती साडी, पायांत मोजे, त्यावर चपला. थंडीच्या दिवसांत वर्गावर यायची तशी. मांडीवर हजेरीपट आहे. तिचे केस काळे आहेत आणि ती माझ्यापेक्षा लहान दिसते आहे, हे मला जरा अवघड वाटतं.

“मी झोपलेली नाहीये,” मी म्हणते.

“नाही ना? मग ऊठ. वर्गाची वेळ झाली.”

आम्ही जिना उतरतो. वरच्या पायऱ्या फ्राउ लोरेन्झनबाईंच्या आहेत, मेण लावून चकचकीत केलेल्या. मध्येच पायऱ्यांना शाईचा वास यायला लागतो आणि कठडा थरथरतो. उतरत उतरत आम्ही छापखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचतो. मला यात काही गैर वाटत नाही.

वर्ग रिकामा आहे. फळ्यावर नकाशा आहे, अर्धवट. मावशी खडूचा तुकडा माझ्या हातात ठेवते.

“नदी काढ.”

मी फळ्यापुढं उभी राहते. कुठल्या बाजूला काढू? मावशीच्या बाजूला काढली तर चूक, बरोबर काढली तर तिचा अपमान. मी खडू टेकवते आणि तशीच उभी राहते. मावशी माझ्या पाठीमागून बघते आहे हे मला मानेवर कळतं.

“राहू दे,” ती म्हणते. “आपणच जाऊन बघू.”

ती फळ्यावरच्या रेघेवर पाऊल ठेवते. मीही ठेवते. पायाखाली दगडी फरसबंदी लागते, मोठ्ठं आभाळ आणि वारा, आणि समोर चर्चचा लाल मनोरा. डावीकडे औषधाचं दुकान. उजवीकडे नदीची गल्ली. घड्याळात दहा वाजायला दहा मिनिटं आहेत.

चौक माणसांनी भरलेला आहे. जवळ गेल्यावर एकेक चेहरा ओळखीचा निघतो. टेरिलीनच्या पँटी, हातानं विणलेले बिनबाह्यांचे स्वेटर, कोपरात वह्या. मावशीच्या एकतीस वर्षांच्या तुकड्या चौकात हिंडताहेत आणि एकमेकांना अत्यंत अदबीनं रस्ता विचारताहेत. बँकेतले ओगले माझ्यासमोर येतात. पन्नाशीनंतर जर्मन शिकायला आले होते, का ते कधीच कळलं नाही. मावशीच्याही आधी गेले ते. ते टोपी काढतात.

“माफ करा, औषधाचं दुकान कुठं आहे?”

“समोर डावीकडे,” मी म्हणते. ते मनापासून आभार मानतात, दोन पावलं जातात आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारतात.

“यांना अजून दुकान सापडलं नाही?” मी मावशीला हळूच विचारते.

“रोज सापडतं. त्यांना विचारायला आवडतं.”

ती एका हातगाडीपाशी थांबते आणि वर्गात शिकवलेल्या वाक्यात एक हेरिंग मागते, कांदा घालून, पावात. गाडीवाला देतो. मी बघतच राहते. मावशीच्या घरात अंड्याचा सुद्धा केक आला नाही कधी.

“मावशी, तू मासा खातेस?”

“एकतीस वर्षं दुसऱ्यांना मागायला लावला. एकदा चव घ्यायला नको?”

“कसा आहे?”

ती विचार करत चावते. “कांदा चांगला आहे.”

आम्ही कारंज्याच्या कठड्यावर बसतो. पाव मध्ये आहे, त्यातला कांदा मी काढून खाते. मावशी रुमालाला बोटं पुसते आणि वर्गात एखादा परदेशी पाहुणा आला की व्हायची तशी उत्सुक होऊन माझ्याकडे वळते.

“तू तिकडून आलीस ना? सांग मला. मी धड्यात सांगायचे ते सगळं खरं आहे का? रस्त्यावर एकही गाडी नसली तरी लोक लाल दिव्याला थांबतात?”

“थांबतात. सकाळी मी एकटीच पुढं गेले तर एक आजी माझ्याकडे रागानं बघत होत्या.”

“बरं झालं. आणि घराच्या दारावर वर्ष कोरलेलं असतं?”

“असतं. मी उतरलेय त्या घरावर सोळाशे एकोणसत्तर आहे. आतला जिना उतरताना डोकं वाकवावं लागतं.”

“आणि सगळ्यांत जुनी खानावळ चर्चच्या मागं आहे ना?”

“आहे. पण तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.”

ती हसते, तिचं ते नाकातून हसू. मग हात वर करते. “अजून सांग. काहीही सांग. फक्त डावं-उजवं सांगू नकोस.”

मी तोंडातला कांदा चावायची थांबते.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

 मावशी चमच्यानं भाताची पेज ढवळते आहे. कारंज्याचा कठडा म्हणजे माझी पुण्यातली खाट आहे, मी पंधरा वर्षांची आहे, नखं पिवळी आहेत, आणि उशाशी उसाच्या रसाचा पेला झाकून ठेवला आहे. खिडकीबाहेर मात्र अजून चर्चचाच मनोरा आहे.

“बोलावणं जानेवारीत आलं,” मावशी पेजेवर फुंकर घालत सांगते. “त्याच्यासोबत एक माहितीपत्रक होतं, त्यात चौकाचा फोटो. मी चहा घेत होते. बघता बघता चहा गार झाला. मनोरा होता, दुकान होतं, गल्ली होती. नदीकडे जायला मात्र डावीकडे वळावं लागत होतं.”

“मग वर्गात सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चर्च काढलं आणि हात आपोआप उजवीकडे गेला. पहिल्या बाकावर ओगले बसले होते, बंदरावर जायला अगदी तयार. त्यांना काय सांगू, मागं फिरा?”

“आणि तू का नाही गेलीस?”

ती पेजेचा चमचा पुढं करते. मी तोंड उघडत नाही. हे मला आता ऐकायचंच आहे.

“भीती वाटली,” ती म्हणते. “थोडी लाजही वाटली. जर्मनच्या बाई म्हणून मिरवायचं आणि स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर रस्ता चुकायचा. पण लाज गिळता आली असती गं. मी तिथं जाऊन उभी राहिले असते तर माझं गाव मोडलं असतं. ते खरं गाव त्यांचं होतं. माझं एवढंच होतं, भिंतीवरचं. मला ते घालवायचं नव्हतं.”

“मग माझी कावीळ?”

“तुझी कावीळ मेमधली, वृंदे. माझं नाही जायचं जानेवारीतच ठरलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. दादानं ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कारण आयतं मिळालं. पोर लहान आहे, विसरून जाईल.”

“मी विसरले नाही.”

“दिसत होतं मला. दादा दर वेळी म्हणत राहिला आणि मी भात वाढत राहिले.”

मला राग येतो. पंधरा वर्षांच्या मुलीचा नाही, माझ्या वयाच्या बाईचा. खाट आता दवाखान्याची आहे आणि तिच्यावर मावशी आहे, पांढऱ्या केसांची, हाताला सलाइन. मी खुर्चीवर बसून तिचे पाय चेपते आहे, शेवटच्या तीन महिन्यांत रोज चेपत होते तसे.

“एक वाक्य पुरलं असतं,” मी म्हणते.

“हो.”

“तीन महिने मी रोज इथं होते. रोज.”

“रोज ठरवायचे, आज सांगू. आणि तू अशी पाय चेपायला बसायचीस. वाटायचं, कळलं तर उठून जाईल.”

“गेले नसते.”

“ते आत्ता कळतंय,” मावशी म्हणते. “स्लाइडची चूक कुणाच्याही हातून झाली असती. ही मात्र माझीच.”

तिचा तळवा माझ्या हातात आहे, गार आणि हलका. मी रडते आहे आणि तरीही डोक्यातला एक कोपरा शांतपणे तपासणी करतो आहे. तो कोपरा तिनंच घडवलेला आहे.

“मावशी, हे तू सांगतेयस की मला हवं आहे म्हणून मीच तुझ्या तोंडी घालतेय? जागी झाल्यावर मी स्वतःला हेच विचारणार.”

ती एकदम खूश होते. उत्तर चुकलं तरी प्रश्न नीट विचारला की व्हायची तशी.

“विचारलंच पाहिजे. लेबल काढून बघ.”

स्लाइड माझ्या हातात आहे. आम्ही नदीच्या काठानं चाललो आहोत, नदी उजव्या हाताला आहे की डाव्या, ते मी बघत नाही. बांधून ठेवलेल्या होड्या एकमेकींना घासताहेत. मी लेबलाच्या कडेला नख लावते. डिंक जुना आहे, हलत नाही. मी अंगठा तोंडाकडे नेते आणि थांबते, कारण थुंकी लावून पान उलटलं म्हणून या बाईनं मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

“आज चालेल,” मावशी म्हणते.

मी अंगठ्याला थुंकी लावून लेबलावर दाबून धरते. समोर नदी रुंद होत जाते आणि पलीकडचा काठ दिसेनासा होतो. वाऱ्याला ओलसर वास आहे. मावशी थांबते. तिच्या चपलांच्या पुढं खडूची रेघ संपलेली आहे. धड्यातला नकाशा बंदरापर्यंतच होता.

“इथून पुढं मी कधी शिकवलं नाही,” ती म्हणते. “एक राहिलंय बघ. मी सांगायचे की बाल्टिकचं पाणी आपल्या समुद्राएवढं खारट नसतं. पुस्तकात वाचलेलं. ते खरं आहे का?”

“मी अजून गेले नाही समुद्रावर.”

“मग इतका वेळ करतेयस काय?” ती हजेरीपट उघडते, माझं नाव शोधते, आणि पेन्सिल कानामागून काढते. “जा. चाखून बघ आणि मला सांग.”

“कुठं सांगू?”

ती तोंड उघडते आणि टोल्याचा आवाज येतो. एकच, छोटा, मोठ्या घंटेचा नव्हे.

मी फ्राउ लोरेन्झनबाईंच्या पलंगावर आहे. पाय पलंगाबाहेर लोंबताहेत, बुटांसकट, आणि मुंग्या आल्या आहेत. उशी ओली आहे. खालून बटाटे तळल्याचा वास येतो आहे. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टोला कसला, तेवढंच होतं ते. खिडकीतून मनोऱ्यावरचं घड्याळ दिसतं. दोन वाजून दहा मिनिटं.

पाकीट चादरीवर पडलं आहे, रिकामं. स्लाइड माझ्या डाव्या मुठीत आहे. उजवा अंगठा चिकट लागतो म्हणून वर धरून बघते, तर त्यावर एक पिवळा कागद चिकटला आहे: ४. बाजारचौक.

काही वेळ मी अंगठ्याकडेच बघत बसते. झोपेत मीच काढलं असणार. खोलीत दुसरं कोण आहे? पण स्लाइडकडे बघायचं धाडस लगेच होत नाही. चष्मा शोधते, तो पुसते, पुन्हा पुसते. मग पुठ्ठ्याची चौकट खिडकीच्या उजेडात नेते.

लेबलाच्या जागी डिंकाचा तपकिरी डाग आहे आणि त्यात पेन्सिलीच्या दोन ओळी. अक्षर मुंगीएवढं, मावशीचं.

‘उलटी होती. जायचं नाही. १३-१-८६.’

त्याखाली:

‘वृंदाला सांगणे. २-६-८६.’

दुसऱ्या ओळीपुढं बरोबरची खूण नाही.

मी दोन जून मोजून बघते. माझी कावीळ उतरल्यानंतरचा तो पहिला आठवडा, मामा आंबे घेऊन आला होता आणि ते वाक्य पहिल्यांदा बोलला होता. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिनं हे लिहिलं. मग कधीतरी त्यावर लेबल चिकटवलं, कारण काम झालं नव्हतं आणि ते डोळ्यांसमोर नको होतं. एवढ्या वर्षांत मी ही स्लाइड कितीदा तरी हातात घेतली असेल. खाली काय आहे हे मला झोपेत कसं कळलं, ते मला सांगता येणार नाही. बोटांना काहीतरी लागलं असेल, पेन्सिलीची खोल उमटलेली रेघ. असेल तसं.

रडू येतं ते मी येऊ देते. राग आहेच त्यात, तो काही दहा मिनिटांत जाणारा नाही. पण मान हलकी झाली आहे. खरोखर हलकी, इकडून तिकडे वळवून पाहते.

पर्समध्ये पेन्सिल असतेच. मी स्लाइड खिडकीच्या फळीवर ठेवते, हात स्थिर करते आणि दुसऱ्या ओळीपुढं बरोबरची खूण करते. तिच्यापुढं आजची तारीख घालते. लेबल अंगठ्यावरून सोडवून पाकिटात टाकते.

पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला अजून एका ओळीची जागा उरली आहे. तिथं लिहिते, ‘पाणी चाखणे’, आणि पेन्सिल तशीच हातात ठेवून उठते. बूट पायातच आहेत. चौकात चर्चकडे तोंड करून डावीकडे वळायचं, मग तासाभराची वाट.